चतुर्थीचा रोज: लेण्याद्रीच्या पायथ्याशी हंगामी माणसं ठेवायला खरा खर्च किती?

अंगारकीला लेण्याद्रीच्या पायथ्याशी दिवस मध्यरात्रीनंतरच सुरू होतो. पहाटे पाचला गोळेगावच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. अष्टविनायक करणाऱ्या बसमधली माणसं पायऱ्या चढण्याआधी चहा मागतात आणि गिरिजात्मजाचं दर्शन घेऊन उतरली की मासवडी, पिठलं-भाकरी आणि मिसळ. एरवी सहा माणसांवर चालणाऱ्या हॉटेलात त्या दिवशी चौदा माणसं लागतात. वरची आठ कुठून येतात? आपटाळ्याकडच्या वाड्यांतून, ओतूरच्या बाजूने, कुणाच्या भाच्याच्या ओळखीने. फोन जातो, माणूस येतो, रात्री गल्ल्यातून रोज मिळतो आणि तो निघून जातो. त्याच्या नावाची नोंद बहुतेक ठिकाणी कुठेच राहत नाही.

हा लेख त्या आठ माणसांबद्दल आहे. त्यांना रीतसर ठेवायला किती पडतं आणि न ठेवल्यास किती पडू शकतं, याचा हिशेब जुन्नर-आंबेगावच्या हॉटेलवाल्यांनी, खानावळवाल्यांनी, कृषी पर्यटन केंद्रांच्या मालकांनी आणि भक्तनिवास चालवणाऱ्या विश्वस्तांनी एकदा कागदावर मांडावा. २०१८ मध्ये राज्य सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. तेव्हापासून खोल्या आणि ताटं वाढली, पण हजेरीपुस्तकं त्या मानाने वाढलेली दिसत नाहीत.

आधी एक गैरसमज बाजूला करू. ‘हंगामी आहे, कायम नाही, त्याला कायदा कुठला?’ असं सर्रास म्हटलं जातं. किमान वेतन, जादा कामाचा मोबदला, अपघाताची भरपाई, वयाची अट आणि स्त्री-पुरुषांना समान वेतन या पाचही गोष्टी पहिल्या दिवसाच्या पहिल्या तासापासून लागू होतात. कायमपणाशी संबंध येतो तो नोकरीवरून काढताना, ग्रॅच्युइटीत आणि रजेत. ‘गर्दी अचानक आली’ हे कारणही इथे टिकत नाही. संकष्ट्या, माघी जयंती, भाद्रपदातला उत्सव, १९ फेब्रुवारीची शिवनेरीवरची गर्दी, मे महिन्याची सुट्टी आणि पावसाळ्यातले माळशेज-नाणेघाटाचे शनिवार-रविवार हे सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरात वर्षभर आधीच छापलेलं असतं.

रोज किती आणि कुठल्या तासांचा

हॉटेल आणि उपाहारगृह उद्योगासाठी राज्य सरकार किमान वेतन ठरवतं. महापालिका, नगरपालिका आणि ग्रामीण भाग अशा परिमंडळांनुसार आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गांनुसार दर वेगळे असतात. त्यावरचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. म्हणून मागच्या वर्षीचा कागद यंदा चालत नाही. कामगार आयुक्तालयाच्या संकेतस्थळावरचा चालू सहामाहीचा तक्ता छापून गल्ल्याजवळ लावा. आचारी कुशल वर्गात येतो हे बरेच मालक विसरतात आणि त्यालाही भांडी घासणाऱ्याच्या वर्गाचा दर लावतात.

हिशेबासाठी आपण नऊ तासांचा रोज ६३० रुपये धरू. हा आकडा फक्त उदाहरणाचा आहे, तुमचा दर तुम्ही तक्त्यावरून घ्या. तासाला ७० रुपये झाले. अंगारकीला वेटर पहाटे पाचला आला आणि रात्री नऊला गेला. मधले दोन तास विश्रांती धरली तरी काम चौदा तास झालं. वरचे पाच तास दुप्पट दराने, म्हणजे १४० रुपयांनी, ७०० रुपये. एका माणसाचे त्या दिवसाचे १३३० रुपये. आपल्याकडे प्रत्यक्षात काय होतं? ‘आज सणाचा दिवस आहे’ म्हणत हातावर आठशे ठेवले जातात आणि दोघांनाही वाटतं की मालकाने खुशीने जास्त दिले.

तरी १३३० दिले म्हणून सगळं रीतसर झालं असंही नाही. पाच ते नऊ हा सोळा तासांचा पसारा दुकाने व आस्थापना कायद्याच्या चौकटीत बसतच नाही. २०१७ च्या महाराष्ट्राच्या या कायद्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वीस किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांसाठी ती दिवसाला दहा तास करायला मंजुरी दिली. त्यातही विश्रांतीसकट दिवसाचा पसारा बारा तासांपुढे जात नाही.

उपाय सोपा आहे आणि स्वस्तही. एका वेटरच्या जागी दोघे बोलवा. एकजण पाच ते दुपारी साडेबारा, दुसरा त्यानंतर रात्रीपर्यंत. दोघांना पूर्ण रोज दिला तरी १२६० होतात. सत्तर रुपये वाचतात, संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला ताजा माणूस मिळतो आणि उकळत्या कढईजवळ चौदाव्या तासाला कुणी झोपेत उभं राहत नाही. भाजण्याचे अपघात दमलेल्या हातांनी होतात, हे भटारखान्यात उभं राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

जेवण आणि राहणं देतो म्हणून रोज कमी, हा हिशेबही तपासून घ्या. वेतनाऐवजी वस्तुरूपाने काही दिलं तर त्याची किंमत एकूण वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंतच वेतनात धरली जाते. गिऱ्हाइकाने ठेवलेली टिप ही वेटरची, ती रोजात मोजायची नाही. कप फुटला, ताटली फुटली म्हणून संध्याकाळी परस्पर पैसे कापणं तर चुकीचंच. नुकसान त्याच्या हलगर्जीने झालं हे दाखवावं लागतं आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. शिवाय सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याच्या वर जाऊ शकत नाहीत.

भाकरी थापणाऱ्या बायांबद्दल मला थांबून बोलायचं आहे. आपल्या भागातल्या हॉटेलांचं नाव ज्या भाकरीवर आणि मासवडीवर चालतं, ती करणाऱ्या बाईला बाहेर ताटं वाढणाऱ्या पोरापेक्षा कमी रोज मिळतो. ती चुलीपुढे बसते, धूर खाते आणि तिचं कौशल्य यायला वर्षं लागतात. सारख्या कामाला स्त्री म्हणून कमी वेतन देणं १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून बेकायदा आहे आणि आता २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही तेच कलम आहे. ‘काम वेगळं आहे’ अशी पळवाट काढण्याआधी मासवडी करणारी बाई कुठल्या वर्गात बसते, हे तक्त्यात पाहा. माझ्या मते ती कुशलच आहे.

डोकी मोजताना

बाकीचा खर्च डोक्यांच्या संख्येवर ठरतो. पाच माणसं झाली की महाराष्ट्र कामगार कल्याण निधी. जून आणि डिसेंबरमध्ये माणशी मालकाचे ७५ आणि कामगाराचे २५ रुपये. सहा माणसांचे मालकाकडून वर्षाला ९०० रुपये, म्हणजे एका टेबलाच्या जेवणाएवढे. व्यवसाय कर पुरुष कामगाराचा पगार दहा हजारांवर गेला की महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००. स्त्रियांना २५ हजारांपर्यंत काही नाही. हा कर कामगाराच्या पगारातून कापून भरायचा. मालकाचा स्वतःचा वर्षाला २५०० वेगळा.

दहाचा आकडा मात्र महत्त्वाचा. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागेने दुकाने व आस्थापना कायद्याखाली काम सुरू झाल्यापासून साठ दिवसांत फक्त ऑनलाइन कळवायचं असतं. त्यापुढचे टप्पे माणसांच्या संख्येवर आहेत. दहा झाले की कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) येतो, मातृत्व लाभ येतो आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावी लागते. समिती न नेमल्यास ५० हजारांपर्यंत दंड आहे.

आता प्रश्न असा की अंगारकीला चौदा झाले तर? ईएसआयच्या जुन्या कायद्याची भाषा अशी आहे की गेल्या बारा महिन्यांत कुठल्याही दिवशी आकडा गाठला गेला तरी आस्थापना येते, आणि एकदा आली की माणसं कमी झाली तरी बाहेर पडत नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या (पीएफ) वीस माणसांच्या आकड्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये हरिहरन खटल्यात वेगळं सांगितलं. अडचणीच्या वेळी अल्पकाळासाठी घेतलेली माणसं त्या आकड्यात धरायची नाहीत, नेहमीच्या कामकाजासाठी घेतलेली धरायची. हे वाचून निश्चिंत होऊ नका. दर शनिवार-रविवार आणि दर चतुर्थीला तीच आठ माणसं येत असतील, तर ती अडचणीची माणसं आहेत असं कुठल्याही अधिकाऱ्याला पटवणं अवघड जाईल.

ईएसआयचा खर्च ऐकून मालक घाबरतात म्हणून आकडे देतो. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांसाठी मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के. सहा कायम माणसांचा पगार प्रत्येकी पंधरा हजार धरला, तर महिन्याला २९२५ रुपये मालकाचे. आठ हंगामी माणसांच्या एका दिवसाच्या ५०४० रुपये रोजावर १६४ रुपये. त्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात, आणि कामावरच्या दुखापतीचं ओझं मालकावरून उतरून ईएसआय महामंडळाकडे जातं. जुन्नरच्या कामगाराला कुठला दवाखाना लागू आहे, हे नोंदणीच्या वेळीच विचारून घ्या आणि त्याला लिहून द्या. नाहीतर कार्ड पाकिटात राहतं आणि माणूस उसने पैसे काढून खासगी दवाखान्यात जातो.

वीस माणसं झाली की पीएफ. पंधरा हजारांवर मालकाचे बारा टक्के, त्यावर विमा आणि प्रशासनाचा एक टक्का मिळून माणशी १९५०. वीस झाल्यावर बोनसही येतो, किमान ८.३३ टक्के.

मंगल कार्यालयवाले आणि रिसॉर्टवाले यावर मुकादम शोधतात. ‘वाढपी त्याचे, आमचा संबंध नाही.’ कंत्राटदाराने रोज बुडवला तर तो मूळ मालकाला द्यावा लागतो. म्हणून कंत्राटदाराला शेवटचा हप्ता देण्याआधी त्याच्या माणसांना पैसे पोहोचल्याचा कागद मागा. कृषी पर्यटनवाल्यांचा युक्तिवाद वेगळा असतो, की माणसं शेतमजूर आहेत. सकाळी द्राक्षबागेत काम केलेला माणूस संध्याकाळी पाहुण्यांना जेवण वाढत असेल, तर ते काम हॉटेलचं आहे आणि त्याला तोच दर लागतो.

कढई उलटली तर

ईएसआयमध्ये नसलेल्या माणसाला कामावर इजा झाली किंवा मृत्यू आला, तर भरपाई मालकाला द्यावी लागते. १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे, पण सूत्र तेच आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्मे गुणिले वयाचा गुणांक. वेतन जास्तीत जास्त पंधरा हजार धरलं जातं. पंचविशीतल्या माणसाचा गुणांक २१६.९१. म्हणजे ७५०० गुणिले २१६.९१, एकूण १६ लाख २६ हजार ८२५ रुपये. तो दोनच दिवस कामावर होता, हा बचाव चालत नाही. तसंच काम करणाऱ्या माणसाचं मासिक उत्पन्न पाहून हिशेब होतो. महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि योग्य कारण नसेल तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

लेण्याद्रीच्या पायथ्याचं एखादं लहान हॉटेल सोळा लाख उभे करू शकेल का? बहुतेकांना जमीन विकावी लागेल. म्हणून दहाच्या आतल्या प्रत्येक मालकाने कर्मचारी भरपाईचा विमा काढावा, हे मी आग्रहाने सांगतो. हप्ता वर्षभराच्या एकूण मजुरीवर आणि कामाच्या प्रकारावर ठरतो. दोन-तीन सर्वसाधारण विमा कंपन्यांकडून दर मागवा. मजुरीचा आकडा सांगताना हंगामी माणसांचा रोज लपवू नका, कारण हप्त्यात वाचवलेले थोडे पैसे दाव्याच्या वेळी आडवे येतात. शिवाय प्रत्येक माणसाचा बँकेतला प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत होतो आणि अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. आठ माणसांचे १६० रुपये मालकाने भरावेत. पण या दोन लाखांमुळे तुमची जबाबदारी कमी होत नाही, ती त्या घरासाठीची वेगळी मदत आहे.

वय

चौदाच्या आतलं मूल हॉटेलात नको, अगदी फडकं मारायलाही नको. ढाबे आणि हॉटेलांवर ही बंदी १० ऑक्टोबर २००६ पासून आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती सगळ्या कामांना लागली. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही, आणि पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. तुमचा स्वतःचा मुलगा शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत गल्ल्याजवळ बसला तर चालतं. शेजारच्या वाडीतला नाही. चौदा ते अठरा वयाच्या पोराला संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम देता येत नाही, जादा तास देता येत नाहीत. म्हणजे अंगारकीच्या पहाटेला तो चालणारच नाही. दाखला पाहिल्याशिवाय, नुसत्या मिशीवरून वय ठरवू नका.

वही

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. नवे नियम येईपर्यंत जुने नियम, संहितेशी विसंगत नसतील तिथवर, चालू राहतात. त्यामुळे सल्लागारांकडे सध्या गर्दी आहे. पण लहान मालकासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेतन संहितेच्या एका कलमात आहे. कामगाराने वेतन मिळालं नाही असा दावा केला, तर ते दिलं हे मालकाने सिद्ध करायचं. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. आठ माणसांना रोजाला दीडशे कमी, वर्षात साठ दिवस. फरक ७२ हजार. दहापट म्हणजे सात लाख वीस हजार, वर मूळ रक्कम आणि ५० हजारांपर्यंत दंड. पुन्हा सापडलात तर तीन महिन्यांपर्यंत कैदही.

याच्यावरचा इलाज शंभर-दीडशे रुपयांची मोठी वही. दर माणसाला एक ओळ: नाव, वयाचा पुरावा कुठला पाहिला, आला किती वाजता, गेला किती वाजता, रोज, जादा तास, उचल, हाती दिलेली रक्कम, सही किंवा अंगठा. पैसे शक्यतो यूपीआयने द्या म्हणजे तारखेचा पुरावा आपोआप राहतो. रोजंदारीचे पैसे पाळी संपताना द्यायचे, ‘पुढच्या चतुर्थीला एकदम’ असं नाही. कामावरून काढलं किंवा त्याने सोडलं तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब पूर्ण. नेमणुकीचं पत्रही द्या. अर्ध्या पानाचं मराठी पत्र पुरतं: काम कोणतं, कुठल्या तारखांना, रोज किती, तास किती. त्याच वेळी भटारखान्यातल्यांचा वैद्यकीय तपासणीचा दाखला फाइलला लावा. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार तो दर वर्षी लागतो.

उचल देताना फार जपा. दिवाळीत वीस हजारांची उचल देऊन वर्षभर माणूस बांधून ठेवायचा, तो निघाला तर त्याचा फोन किंवा आधार कार्ड ठेवून घ्यायचं, ही पद्धत बाहेरच्या राज्यातून आलेल्या भटारखान्याच्या पोरांबाबत मी स्वतः पाहिली आहे. ती करणाऱ्यांना ती वाईट वाटत नव्हती, हे मला जास्त लागलं. कर्जापोटी माणसाला सोडू न देणं म्हणजे वेठबिगारी आणि ती १९७६ पासून गुन्हा आहे. उचल लिहून द्या, लहान हप्त्यांत वळती करा, आणि तो जायला निघाला तर जाऊ द्या.

सतत येणाऱ्यांबाबत एक आकडा लक्षात ठेवा. वर्षात २४० दिवस भरले की काढताना एक महिन्याची नोटीस आणि वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन देण्याचा प्रश्न येतो. फक्त शनिवार-रविवार आणि चतुर्थीला येणारा तिथवर पोहोचत नाही. पण ‘हंगामी’ म्हणवलेली भांडीवाली रोजच येत असेल, तर ती हंगामी नाही. मुद्दाम २३० व्या दिवशी तिला घरी बसवून पुन्हा बोलावणारे मालक आहेत. त्यापेक्षा तिला कायम करा. ती सोडून गेली तर नवी शोधायला आणि शिकवायला जाणारे दिवसही खर्चच आहेत.

शेवटचा खर्च रात्रीच्या गाडीचा, आणि तो कुठल्याही तक्त्यात सापडणार नाही. जुन्नर वन विभागात बिबट्या उसातून रस्त्यावर येतो. माणिकडोहचं निवारा केंद्र त्याच कारणाने इथे आहे. नव्या संहितेत कामावर येता-जाताना झालेला अपघात, कामाच्या वेळेशी आणि वाटेशी संबंध दिसला तर, कामावरचाच धरला जातो. रात्री नऊला गल्ला बंद झाल्यावर भाकरीवाल्या बाया दोन-तीन किलोमीटर चालत वाडीवर जातात, हातात मोबाइलचा उजेड. अंगारकीच्या आदल्या दिवशी एक जीप ठरवा आणि तिचं भाडं दुधाच्या आणि गॅसच्या ओळीखाली त्याच वहीत लिहा. शेवटची बाई दारात उतरल्यावर ड्रायव्हरने मालकाला फोन करायचा, असंही त्याला आधीच सांगून ठेवा.